डॉर्कस टिल्बीचा उजवा हात

आमच्या घराण्यात एक बोलणं आहे: टिल्बींचा हात वर जात नाही. शाळेत रोज सकाळी सगळी पोरं छातीवर हात ठेवून झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणायची, तेव्हा मी दोन्ही हात खाली सोडून उभी राहायचे आणि बाईंची बोलणी खायचे. घरी आले की वडील पाठ थोपटायचे, "डॉर्कसची खरी नात," म्हणायचे. डॉर्कस टिल्बी ही आमची नऊ पिढ्यांमागची आजी. कडव्या प्युरिटन पंथाच्या या थॅचबरी गावात ती क्वेकर, म्हणजे शपथ न घेणाऱ्या आमच्या पंथाची, म्हणून राहिली. न्यायाधीशाने शपथेसाठी हात वर करायला सांगितला तेव्हा तिने तो केला नाही, तुरुंगात गेली, पण वाकली नाही. एवढीच गोष्ट, पण मुरलेल्या लोणच्यासारखी आम्ही ती पिढ्यान्‌पिढ्या पुरवून खाल्ली.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाला, लोवेलला, आमच्या क्वेकर मंडळी प्रार्थनेला जमतात त्या सभाघराच्या भिंतीवर डॉर्कसच्या नावाची पितळी पाटी लावायची हुक्की आली. लोवेल एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, हट्ट मात्र पंचविशीतला. पाटीसाठी पुरावा शोधायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलं, कारण मी सभेची चिटणीस, आणि चाळीस वर्षं टपाल कचेरीत लोकांची गिचमीड अक्षरं लावण्यात गेलेली. मलाही आनंदच झाला. आज वाटतं, ते कागद मी उघडले नसते तर बरं झालं असतं.

पहिला पुरावा गावच्या वाचनालयात लगेच सापडला. गावच्या दंडाधिकाऱ्याच्या, हॉब्लिनच्या, चोपडीत एक ओळ होती: टिल्बीच्या बायकोस हात वर करण्यास सांगितले असता तिने नकार दिला, सबब दोन दिवस कैद. आमच्या घराण्याचा इतिहास इथेच थांबतो. कुठल्याशा पणजोबांनी ही ओळ उतरवून घेतली आणि चोपडी मिटली. नकार कशाला दिला, खटला कुणाचा, हे त्यांनी बघितलं नाही. किंवा बघितलं आणि गिळून टाकलं.

मी पान उलटलं. खटला बेथाया कोल नावाच्या मुलीचा होता. वय एकोणीस, देवळाचा कारभार पाहणाऱ्या गावच्या डीकनच्या घरची मोलकरीण, आणि आरोप पोटचं पोर मारल्याचा.

त्या काळी थॅचबरीत गुरुवारी दुपारी प्रवचन असायचं आणि अख्खं गाव देवळात असायचं. घरी राहणाऱ्याला दंड होता. मार्चमधल्या अशाच एका गुरुवारी डॉर्कस खाडीतले शिंपले टोपलीत घेऊन परत येत होती. क्वेकर बाई प्युरिटनांच्या देवळात जायची नाही, म्हणून रस्त्यावर ती एकटीच. डीकनच्या गवताच्या कोठीतून तिला कण्हणं ऐकू आलं.

डॉर्कसला बाळंतपणाची चांगली जाण होती. गावची सुईण व्हायला शपथ घ्यावी लागे, म्हणून ती नेमलेली सुईण नव्हती. पण बायको अडली की नवरा मागच्या दाराने तिच्याकडेच धावायचा. तिने टोपली टाकली आणि आत गेली. मूल मेलेलंच आलं. नाळेचे दोन वेढे मानेभोवती बसलेले. तिने ते चोळलं, तोंडात फुंकर घालून बघितली, आणि मग आपल्या निळ्या एप्रनमध्ये गुंडाळून बेथायाच्या कुशीत दिलं. आजच्या आज मालकिणीला सांग, असं तिने मुलीला बजावलं. मुलगी हो म्हणाली. पण भीती वाटली, आणि तिने मूल गवताखाली लपवलं. चौथ्या दिवशी डीकनच्या कुत्र्याने एप्रनचं टोक अंगणात ओढून आणलं.

मूल कुणाचं, हे बेथायाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. गावालाही विचारायची फारशी घाई दिसत नाही.

कायदा असा होता: लग्नावाचून झालेलं मूल मेलं आणि आईने ते लपवलं, तर तिनेच मारलं असं धरायचं आणि तिला फाशी द्यायची. सुटका एकच. मूल मेलेलंच जन्मलं असं शपथेवर सांगणारा एक तरी साक्षीदार हवा. बेथायाला अख्ख्या जगात तसा एकच साक्षीदार होता, आणि तो शपथ न घेणाऱ्यांतला निघाला.

आम्ही शपथ घेत नाही. माणसाने रोजच खरं बोलावं. शपथेपुरतं खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची सोय ठेवल्यासारखं होतं. हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालंय आणि अजूनही पटतं. म्हणून पुढचं लिहिताना माझा जीव वरखाली होतो.

हॉब्लिनपुढे सुनावणी झाली त्या दिवशी मागच्या बाकांवर आमची मंडळी, आमच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावरच्या टोप्या न काढता, बसली होती. डॉर्कसचा नवरा जेरेड त्यांच्यात होता. आमचे लोक लहानथोर सगळ्यांनाच अरे-तुरे करायचे, न्यायाधीशालासुद्धा, आणि त्यावरून कोर्टात आधीच कपाळाला आठ्या असत. हॉब्लिनने हात वर करायला सांगितला.

"तू विचार, मी खरं तेच सांगेन," डॉर्कस म्हणाली. "माझं हो म्हणजे हो, आणि नाही म्हणजे नाही."

"ते तुझ्या घरी. इथे हात वर केल्याशिवाय मी एक अक्षर लिहून घेणार नाही."

तिने हात वर केला नाही. कारकुनाने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे: आरोपी सारा वेळ टिल्बीच्या बायकोच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

नकार दिला म्हणून डॉर्कसला दोन दिवस कोंडलं. गावात कोठडी एकच, त्यामुळे कोंडलं ते बेथायाबरोबरच. त्या दोन दिवसांत काय बोलणं झालं ते तुरुंगवाल्याच्या बायकोने पुढे जबानीत सांगितलं, म्हणून आज मला वाचता येतं. मुलगी आधी नुसती रडत होती. मग तिने विचारलं, "मावशी, तुझ्या हाताला काय झालंय गं? लुळा आहे का?" डॉर्कस म्हणाली की हे देवाशी केलेलं बोलणं आहे, ते मोडता येत नाही. त्यावर मुलगी म्हणाली, "देवाला तुझा हात दिसतो, आणि माझी मान दिसत नाही?"

जबानी इथेच संपते.

ती सुटून आली तेव्हा आमच्या मंडळींनी तिला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आमच्यात छळ सोसणाऱ्यांची एक वेगळी वही असायची. तिच्यात तिचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं: आमची बहीण डॉर्कस टिल्बी सत्यासाठी अढळ राहिली, तिचे उदाहरण आमच्या लेकरांस पुरो. ती ओळ मी सातव्या वर्षी पाठ केली होती.

खरा खटला शरद ऋतूत, जिल्ह्याच्या कोर्टात व्हायचा होता. मधले सहा महिने त्या बाईने कसे काढले असतील, कल्पना करवत नाही. ती तीनदा हॉब्लिनच्या मागच्या दारी गेली, माझं म्हणणं शपथेविना लिहून घे म्हणून. त्याच्या बायकोने एकदा सफरचंदाची दारू देऊन वाटेला लावलं, दोनदा दारच उघडलं नाही. आमच्या सभेत तिने विचारलं की एका जिवासाठी एवढी सूट नाही का. वडीलधाऱ्यांनी गव्हर्नरला विनंतीपत्र धाडलं, त्याचं उत्तर आलं नाही, आणि तिला शांत बसून मनात देवाचा प्रकाश पडण्याची वाट पाहायला सांगितलं. वाट पाहणाऱ्यांची मान दोरात नव्हती. जेरेडने तर घरात या विषयावर बोलणंच सोडलं. दर आठवड्याला ती मक्याची भाकरी घेऊन कोठडीच्या खिडकीशी जायची. बेथाया भाकरी घ्यायची, पण तिच्याशी एक शब्द बोलायची नाही.

ऑक्टोबरात कोर्ट बसलं, आणि डॉर्कसने हात वर केला.

हा कागद मी तीनदा वाचला, नाव चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. साक्षीदार डॉर्कस टिल्बी, रीतसर शपथ घेऊन. वाचनालयातल्या त्या खुर्चीत मला आधी संताप आला आणि मग रडू आलं. एवढी वर्षं मी शाळेत खाली सोडलेला हात मिरवत होते. आणि खरं सांगते, पुढची पाच मिनिटं मला वाटलं की मुलगी वाचली.

सरकारच्या बाजूने बोलणारा वकील उठला. त्याने तिचं म्हणणं मुळीच खोडून काढलं नाही, उलट प्रेमाने विचारल्यासारखं विचारलं. शपथ घेणं पाप आहे ना? ती म्हणाली, आमच्यात तसंच मानतात. मग आज पाप केलंस? ती म्हणाली, केलं. का केलंस? मुलगी निर्दोष आहे म्हणून. मग वसंत ऋतूत ती निर्दोष नव्हती का? तेव्हा का गप्प बसलीस? मग त्याने तुरुंगवाल्याच्या बायकोला उभं केलं, आणि कोठडीतलं ते सारं बोलणं, लुळा हात आणि मान, ज्युरीपुढे आलं. या मुलीने गयावया केली, बाईचं काळीज पाघळलं, एवढाच याचा अर्थ, असं वकील म्हणाला. एप्रनचं काय, असं डॉर्कसने स्वतःहून विचारलं. एप्रन मागाहूनही देता येतो, असं उत्तर मिळालं.

"हिच्या दोन गोष्टी तुमच्यासमोर आहेत," वकील ज्युरीला म्हणाला. "शपथ घेणार नाही ही एक, आणि घेतली ही दुसरी. जी बाई एका जिवासाठी देवाचा शब्द मोडते, ती त्याच जिवासाठी तुम्हाला खोटं सांगणार नाही कशावरून?"

"मी खरं सांगतेय रे," डॉर्कस म्हणाली. "तू मला विचार, काय हवं ते विचार."

त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं. ज्युरी जेवणाच्या आधीच परत आली. जेरेड हात वर गेला तेव्हाच उठून बाहेर गेला होता, म्हणून निकाल ऐकायला डॉर्कस एकटीच होती.

बेथायाला नोव्हेंबरात फाशी दिली. गुरुवारी, प्रवचनानंतर, म्हणजे गाव आयतंच जमलेलं असतं. दोर गळ्यात पडण्यापूर्वी तिला बोलायला सांगितलं तेव्हा तिने मूल मेलेलंच आलं होतं असं पुन्हा एकदा सांगितलं. गर्दीत डॉर्कस होती की नाही, कुठे लिहिलेलं नाही. होती, असं मी धरून चालते.

इकडे आमच्या सभेने तिला बाहेर काढलं. तेलही गेलं, तूपही गेलं. बाहेर म्हणजे अगदी रस्त्यावर नाही. रविवारी येऊन दाराजवळच्या बाकावर बसायला मुभा होती, पण ती आमच्यातली उरली नाही. परत यायचा रस्ता एकच होता, तो आजही आहे. आपल्या हातून काय चुकलं ते स्वतः कागदावर लिहायचं, त्याचा धिक्कार करायचा आणि कागद सभेपुढे ठेवायचा. सभेत मतं मोजत नाहीत. सगळ्यांना पटलं तरच कागद स्वीकारतात. एकाने जरी नकारार्थी मान हलवली तरी परत.

सतरा वर्षांत डॉर्कसने चार कागद दिले. पहिल्या तिन्हींवर शेरा एकच: पश्चात्ताप योग्य ठिकाणी नाही, सबब परत. चौथ्यावर शेरा नाही, कारण तो सभेपुढे येण्याआधीच ती गेली. कुणीतरी तो घडी करून वहीत ठेवला, आणि आमच्या कपाटातल्या त्या वहीत तो तसाच होता. आमच्यात थडग्यावर दगड नसतो, त्यामुळे तिचं म्हणून जे काही उरलंय ते एवढंच.

"मित्रांनो," तिने लिहिलं आहे, "मी हात वर केला, ते तुम्ही पाप म्हणता. असेल. पण मला त्याचा पश्चात्ताप होत नाही, आणि होत नाही तो झाला म्हणून लिहिणं हे खोटं बोलणं आहे. मला पश्चात्ताप आहे तो वसंतातल्या त्या दिवसाचा, जेव्हा मी हात वर केला नाही. त्या दिवशी माझ्या शब्दाला किंमत होती. तुम्ही सगळे मागे बसला होतात, आणि मला तिच्या डोळ्यांपेक्षा तुमच्या डोळ्यांची भीती जास्त वाटली. त्या दिवसाबद्दल तुम्ही वहीत माझी शाबासकी लिहिलीत. ती खोडा. मग मी परत येईन."

गेल्या महिन्यात मी तो कागद सभेपुढे वाचला. आता आम्ही रविवारी अकरा जण बसतो, त्यातले चार झोपतात. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. त्या सतरा वर्षांनंतर तीनशे वर्षं लोटली, तरी कागद रीतसर दिलेला होता, तेव्हा विचारणं माझं काम होतं: कागद स्वीकारायचा का, आणि वहीतली ती ओळ खोडायची का. मी पेन घेऊनच बसले होते. मग एकेकाने मान डोलावली, दहा जणांनी.

लोवेल हातातल्या टोपीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं, म्हणून त्याच्यावर मनासारखं रागावताही येत नाही.

"ती त्या दिवशी बरोबरच वागली गं," तो म्हणाला. "ते चुकलं म्हटलं, तर मग आपण एवढी वर्षं कशावर उभे आहोत?" आणि त्याने मान हलवली.

मी ती ओळ न खोडता पान उलटलं आणि नोंद केली: डॉर्कस टिल्बी हिचा कागद परत.