हौ म्हणणाऱ्या घरातला कॉम्प्युटर

"मले नाई जाचं तिथं! सांगून राह्यलो ना तुले, मले नाई जाचं!"

बाबा कॉम्प्युटरवर ओरडत होते. आवाज असा, की पार लालबर्रा गावच्या राइस मिलींनी घाबरून पट्टे थांबवले असतील. मी हातातलं लाटणं घेऊन धावत गेले. पडद्यावर तीच बाई. अंगात कमी कपडे, हातात पत्ते, मागे गरगर फिरणारं चाक. कुठल्याशा परदेशातला जुगाराचा अड्डा. बाबांनी टाकला होता वर्तमानपत्राचा पत्ता. पण पत्ता कोणताही टाका, कॉम्प्युटर त्यांना बकोटीला धरून त्या बाईच्या दारात नेऊन उभं करायचा. उभी हयात सरकारी कचेरीत बडे बाबू म्हणून काढलेला, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस दिवसातून चाळीस वेळा जुगाराच्या अड्ड्यावर!

"काय झालं वो बडे बाबू? कुठी नाई जाचं?" भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं.

"कुठीच नाई!" म्हणत बाबांनी खिडकी लावून घेतली.

हे कसं झालं ते सांगते. मीठमसाला लावत नाही. लावला तर चवीपुरता. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती आणि फोनच्या तारेतून किर्र किर्र करत इंटरनेट आमच्या बालाघाटात आलं होतं. बाबांचं गाव खैरलांजीकडचं. त्या घरात दाराशी आलेल्याला 'नाही' म्हणायची रीतच नव्हती, सगळ्याला 'हौ'. भांडायला आलेलाही आधी गूळपाणी घ्यायचा, मग भांडायचा. बाबांनी ही रीत इंटरनेटवरही पाळली. पडद्यावर चौकट उगवायची, 'हे टाकू का?' बाबा म्हणायचे, "बिचारा इचारून त राह्यला," आणि येस दाबायचे. असे येस दाबून दाबून ब्राउझरच्या डोक्यावर इतके टूलबार चढून बसले, की खरं पान खाली चिंचोळ्या फटीत दिसायचं. हट्टा गावच्या खोल बावडीत वाकून पाणी शोधावं तसं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. खिशात स्क्रू ड्रायव्हर, डोळ्यांत साऱ्या बालाघाटचा मालक असल्याची ऐट. दोन बशा पोहे खाऊन त्यानं निकाल दिला, "फॉर्मेट मारना पड़ेगा."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"सब साफ, अंकल. एकदम नया जैसा."

बाबांचा चेहरा पडला. कारण त्या यंत्रात धान होतं. म्हणजे लुचई, चिन्नोर, काळी कमोद, हिरानक्खी, त्यांच्या गावात पेरली गेलेली धानाची एकूण एक जात. कोणाचा भात मोकळा, कोणाचा वास चार घरं जातो, कोणतं बी शेतातल्या कोणत्या बांधीत रुजतं, हे सगळं बाबांनी दोन वर्षं एका बोटानं टाइप केलं होतं. सांगणारे म्हातारे एकेक करून गेले होते. फाइल बाहेर काढावी, तर फ्लॉपीच्या फटीत मुंग्यांनी राजधानी वसवलेली, प्रिंटर नाही, आणि ईमेल उघडावं तर पुन्हा ती बाई.

"बुखार आया तो आदमी को जला देते हो क्या, भैया?" मी विचारलं.

"मैडम, ये आपके बस का नहीं है."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी शाळेत गणित शिकवायचे. सातवी 'ब'ला अपूर्णांक समजावलेल्या बाईला बस की बात सांगतो! "फॉर्मेट होणार नाही," मी त्याला हातातल्या लाटण्यानं दार दाखवत मराठीतच म्हणाले. "धानाला हात लावलास तर तुझाच फॉर्मेट मारीन." त्याला मराठी समजत नव्हती. लाटणं समजलं.

मग बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून मी इंग्रजी पानांवरचे उपाय वहीत उतरवले. घरी येऊन कंट्रोल पॅनल उघडलं आणि बाबांनी जमवलेले पाहुणे एकेक करून हाकलले. होमपेज पुसून कोरं केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाई हजर! पुन्हा कॅफे, पुन्हा वही. सुरू होताना आपोआप उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी सापडली. त्यातल्या दोन अनोळखी नावांवरच्या खुणा काढल्या. होमपेज आता कोरंच राहिलं, पण वर्तमानपत्राचा पत्ता टाकला की बाई डोळा मारायचीच.

तिसऱ्या दिवशी मूळ सापडलं. विंडोजच्या पोटात 'होस्ट्स' नावाची साधी फाइल असते. पत्ता बाहेर विचारण्याआधी यंत्र तिच्यात बघतं. उघडली, तर वर्तमानपत्र, ईमेल, शोधायची पानं, सगळ्यांपुढे एकच नंबर. गावातल्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी कोणीतरी त्या अड्ड्याचीच पाटी ठोकावी तसं. मी वरची मूळची ओळ ठेवली आणि बाकीचं रान कापून काढलं. सेव्ह केलं.

बाबांनी एका बोटानं पत्ता टाकला. तार किर्रर्र झाली. आणि वरून खाली, इंच इंच, वर्तमानपत्र उतरलं. बाबांनी ते उभं राहून वाचलं.

"आता ऐका बाबा," मी कंबरेवर हात ठेवून म्हणाले. "आजपासून याच्यावर कोणी काही विचारलं, की नाही म्हणायचं. कोणीही असो. गावाची रीत गावात."

"हौ," बाबा म्हणाले.

मी तडक त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर "बिना फॉर्मेट के!" असं गर्जून आले. बाबांची दुपार मात्र धानात गेली होती. राहून गेलेल्या पाच जाती लिहिल्या, म्हणाले. मी कौतुकानं फाइल उघडली. जुनं सगळं जागच्या जागी होतं, पण शेवट हिरानक्खीवरच, काल होता तिथंच.

"बाबा!" आता मी ओरडले. "बंद करताना सेव्ह करू का म्हणून विचारलं असेल ना त्यानं?"

"हौ, इचारलं त. मी नाई म्हनलं. तूच त सांगतलं होतं."