प्रबोधराव तुळपुळे यांची स्कॅनर-खरेदी

प्रबोधराव तुळपुळे कोथरूडच्या एका सहकारी सोसायटीचे वीस-बावीस वर्षं सेक्रेटरी होते. या काळात चेअरमन बदलले, खजिनदार बदलले, एक खजिनदार तर इमारतीला कोणता रंग द्यायचा या वादात राजीनामा देऊन थेट बावधनला राहायला गेले. प्रबोधराव मात्र टिकले, कारण ते काम घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं आणि यांना ते सोडवत नव्हतं. फाटकातून अँब्युलन्स आत वळायचा अवकाश, हे शर्टाची बटणं लावत खाली हजर. कोणाकडे, काय झालं, कुठल्या हॉस्पिटलात नेताहेत, मुलीला कळवलं का, सगळं विचारून घेणार आणि अँब्युलन्स गेली की चारही विंगांत ती माहिती पोचवणार. याला कोणी भोचकपणा म्हटलं की त्यांना फार लागायचं. त्यांच्या मते ही सेवा होती. खरं सांगायचं तर ती दोन्ही होती.

अशा माणसाला त्याच्या मुलानं उचलून सिंगापुरात आणून ठेवलं.

सारंगचाही इलाज नव्हता. आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि दोन हजार चौदाच्या सुरुवातीला प्रबोधरावांची अँजिओप्लास्टी झाली. आता यांनी एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सारंग आणि गार्गी दोघंही आयटीत, टॅम्पिनीस या तिथल्या उपनगरात नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. त्यांनी धावपळ करून बाबांचा लाँग टर्म व्हिजिट पास काढला. दसऱ्यापर्यंत राहून बघतो, नाही जमलं तर कोथरूडला परत, या अटीवर प्रबोधराव आले. परतीचं तिकीट त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. त्या तिकिटाची सारंगला धास्ती होती, कारण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाबांशिवाय कोणी नसणार होतं.

पहिले दोन महिने बरे गेले. मग एका दुपारी त्यांच्या ब्लॉकखाली (इमारतीला तिथे ब्लॉक म्हणतात) अँब्युलन्स आली.

प्रबोधराव वामकुक्षीतून ताडकन उठले आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. तिथे चिटपाखरू नव्हतं. एकही दार उघडलं नाही, एकही डोकं कठड्यावरून वाकलं नाही. ते सपाता घालून खाली पोचेपर्यंत अँब्युलन्स निघूनसुद्धा गेली होती. परत वर येताना समोरच्या फ्लॅटमधले टे नावाचे म्हातारे गृहस्थ कुंडीतली पिवळी पानं खुडत होते. प्रबोधरावांनी आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं की कोणाकडे आली होती. मिस्टर टे यांनी मान हलवली. ती हो होती का नाही होती ते त्यांनाच ठाऊक. मग ते हसले आणि आत जाऊन त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं.

त्या रात्री जेवताना प्रबोधरावांनी आमटीचा भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली. म्हणाले, "कोथरूडला मी न्हाणीघरात पडलो तर पाच मिनिटांत दार फोडून आत येतील. इथे तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. मी गेलो तरी शेजारी कुंडीतली पानं खुडत राहील. मला इथे भीती वाटते रे, सारंग."

भीती वाटते हे वाक्य सारंगनं वडलांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यानं आणखी थोडा भात वाढून घेतला.

प्रबोधराव मात्र नुसतं घाबरून बसणाऱ्यांतले नव्हते. गार्गीनं त्यांना एक टॅब्लेट दिला होता. त्यावर हुडकता हुडकता त्यांना स्कॅनर नावाच्या यंत्राचा शोध लागला. हातात मावणारा, अँटेना असलेला रेडिओच तो. पोलीस, अग्निशामक दल, अँब्युलन्सवाले एकमेकांशी बिनतारी जे काही बोलतात ते त्यावर घरबसल्या ऐकू येतं म्हणे. अमेरिकेतले निवृत्त गृहस्थ कुठलं मॉडेल चांगलं यावर पानंच्या पानं वाद घालत होते. कोणाची बॅटरी लवकर उतरते, कोणाचा आवाज खरखरतो, कोणाची बटणं म्हातारपणी दिसत नाहीत. प्रबोधरावांना जन्माचे सोबती भेटल्यासारखं झालं. आठवडाभर अभ्यास करून त्यांनी घरात जाहीर केलं, की स्कॅनर मिळाला तर राहतो, नाहीतर दसऱ्याला जातो.

सारंगच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज नुकताच गेला होता आणि त्या दिवसांत तो रस्तासुद्धा दोनदा दोन्हीकडे बघून ओलांडायचा. अशात घरात पोलिसांचं बोलणं ऐकायचं यंत्र. पण नाही म्हणावं तर बाबा जाणार. गार्गी त्याच्यापेक्षा धोरणी. तिनं टॅब्लेटवर एक ॲप टाकून दिलं. त्यात जगातल्या बऱ्याच गावांच्या पोलिसांचं बोलणं थेट ऐकू यायचं. सिंगापूर त्यात नव्हतं, पण निदान वेळ जाईल असा तिचा हिशोब होता.

वेळ गेला तो असा, की प्रबोधराव अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात राहायलाच गेले. सकाळी चहा झाला की कानात इअरफोनची बोंडं घालून बसायचे. रात्री जेवताना तिथल्या बातम्या. पेट्रोल पंपावर दोघांची मारामारी झाली, एका बाईंच्या घरातली चोरघंटा आपोआप वाजते आणि रोज पोलीस पाठवावे लागतात, बाई बिल भरतात का कोण जाणे. एके दिवशी हायवेवर एक घोडा सुटला. तो सापडायच्या आत ॲप बंद पडलं आणि मग दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. सारंगनं तो घोडा इंटरनेटवर शोधायचा प्रयत्नही केला. तिसऱ्या दिवशी प्रबोधरावांनी कानातली बोंडं काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, तिकडच्या घोड्यासाठी माझा जीव टांगणीला आणि समोरच्या माणसाच्या घरात कोण कोण आहे ते मला माहीत नाही, हे काही खरं नाही. मला इथलंच ऐकायचंय.

शेवटी एका शनिवारी सारंग त्यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेऊन गेला. छोट्या छोट्या दुकानांची ती मजल्यावर मजले चढलेली इमारत, जिथे तिथे वायरींची भेंडोळी. एका दुकानात कोह नावाचे चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी चार-पाच रेडिओ काचेवर मांडले आणि प्रबोधरावांनी आपली परीक्षा सुरू केली. प्रत्येक रेडिओ हातात तोलून बघितला, कानाशी धरून हलवला, गॅरंटी विचारली, दुरुस्ती इथेच होते का विचारलं, पावसात भिजला तर काय म्हणून विचारलं आणि मग मूळ प्रश्नाला हात घातला, की यातला कोणता पोलिसांचं सगळ्यांत स्वच्छ ऐकवेल.

मिस्टर कोह यांनी चष्मा काढून पुसला. "अंकल, धिस वन कॅन हिअर बीबीसी. धिस वन कॅन हिअर शिप. पोलीस, कॅनॉट. ऑल लॉक्ड अप ऑलरेडी. अँड स्कॅनर मस्ट हॅव परमिशन वन, नॉट एनीहाऊ बाय."

सारंगला त्या दुकानदाराला मिठी मारावीशी वाटली. पोलिसांचं बोलणं कुलूपबंद आणि स्कॅनर परवानगीशिवाय घेता येत नाही, चला, विषय मिटला. घरी परतताना एमआरटीच्या लोकलमध्ये प्रबोधराव अगदी गप्प होते आणि सारंगनं त्याचा अर्थ निराशा असा घेतला. इथेच तो चुकला. वीस-बावीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला परवानगी लागते असं सांगितलं, की त्याला वाटतं आपल्याला पत्ता सांगितला. गच्चीवर टाकी बसवायची असो की गणपतीचा मांडव घालायचा असो, प्रबोधराव आधी चौकीवर जाऊन साहेबांना भेटून यायचे. त्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

सोमवारी मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. काउंटरवरच्या तरुण पोलिसाला त्यांनी नमस्कार केला, आपण ज्येष्ठ नागरिक असल्याचं सांगितलं आणि विनंती केली, की तुमचं बोलणं ऐकण्यासाठी मला एक यंत्र विकत घ्यायचंय, तरी परवानगी द्यावी. आणि तुमच्या अनुभवानं कोणतं घ्यावं तेही सांगावं.

तरुण पोलिसानं पेन खाली ठेवलं. त्याच्या नोकरीत हा प्रश्न पहिलाच असावा. पण पोरगा समंजस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अंकलना का ऐकायचंय ते शांतपणे विचारलं. मग प्रबोधरावांनी सगळं सांगितलं, ती दुपार, ती अँब्युलन्स, न उघडलेली दारं, घरात दिवसभर एकटं असणं. पोलिसानं परवानगी मिळणार नाही असं नम्रपणे सांगितलं आणि ब्लॉक आणि फ्लॅटचा नंबर लिहून घेतला. प्रबोधराव खूश होऊन घरी आले. त्यांच्या अनुभवात, नंबर लिहून घेतला म्हणजे अर्ज पुढे सरकला.

अर्ज खरोखरच पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन पोलीस दारात उभे राहिले.

दार सारंगनं उघडलं. समोर गणवेश. पीआर गेला, पास गेला, नोकरी गेली, एवढं सगळं त्यानं एका क्षणात भोगून घेतलं. पोलीस फक्त अंकलची विचारपूस करायला आले होते. एकट्या वृद्धांनी काय काळजी घ्यावी याचं एक पत्रक त्यांनी दिलं, गार्गीनं केलेला चहा घेतला आणि दहा मिनिटांत गेले.

पण त्या दहा मिनिटांत नववा मजला जागा झाला होता. पोलिसांची पाठ वळते न वळते तोच कोपऱ्यातल्या रोहानाबाई चिकन करीचा डबा घेऊन आल्या. डबा हातात देताना त्यांची नजर गार्गीच्या खांद्यावरून सरळ आत. पलीकडच्या तमिळ जोडप्याला अचानक वायफायची चौकशी करायची होती. आणि शेवटी मिस्टर टे बायकोला घेऊन दारात उभे. हातात पपई. मिसेस टे यांनी एका दमात विचारलं, पोलीस का आले, काय चोरीला गेलं, मुलगा-सून भांडतात का, आणि अंकल तुमच्या हार्टचं आता कसं आहे. हार्टचं यांना कसं कळलं, हे विचारायचंही प्रबोधरावांना सुचलं नाही. सगळ्या मजल्याला त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. नवे लोक, तेव्हा आपणहून विचारणं बरं दिसत नाही, म्हणून इतके महिने ही मंडळी दारामागे थांबली होती इतकंच. आता पोलिसांनी सोय करून दिली.

सगळे गेल्यावर प्रबोधराव चिडून म्हणाले, की काय नसत्या चौकशा या लोकांना, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याच्याशी यांना काय करायचंय. गार्गी तोंडात धरायला पदर नव्हता म्हणून तोंडावर उशी धरून हसली.

तरी तिकीट होतंच. प्रबोधराव आता मिस्टर टे यांच्याबरोबर खालच्या बाकावर बसू लागले होते, रोहानाबाईंना थालीपीठ पोचलं होतं, पण बॅगेत हळूहळू कपडेही जात होते. तिकिटाचे पैसे फुकट घालवायचे नाहीत एवढंच ते म्हणायचे. सारंग विचारायला धजत नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, दारावरची घंटा घाईघाईनं वाजली. मिसेस टे दारात होत्या, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांना धड बोलता येईना. प्रबोधराव समोरच्या घरात गेले. मिस्टर टे सोफ्यावर घामाघूम होऊन छाती धरून बसले होते. या कामात मात्र प्रबोधरावांना कोणाची परवानगी लागत नव्हती. त्यांनी फोन लावला, पत्ता दोनदा सांगितला, मिस्टर टे यांच्या शर्टाची वरची बटणं काढली आणि त्यांचा हात हातात धरून ठेवला. मला हेच झालं होतं, बघ, मी हिंडतोय की नाही, असं ते मराठीतच म्हणत राहिले. मिस्टर टे त्यांच्याकडे बघत मान हलवत होते.

अँब्युलन्स आली आणि दोघा नवरा-बायकोला घेऊन गेली. प्रबोधराव खाली उभे होते. आजूबाजूच्या ब्लॉकमधली चार माणसं जवळ आली आणि त्यांनी विचारलं, कोणाकडे, काय झालं. आयुष्यभर या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देत आलेला हा माणूस. त्याच्याकडे आज पहिल्या धारेची बातमी होती. प्रबोधरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एक अक्षरही न बोलता ते वर निघून आले. आपल्या माणसाचं असं चव्हाट्यावर सांगायचं नसतं असं त्यांना वाटलं, आणि कोथरूडमधल्या काही जणांची त्यांना मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली.

संध्याकाळी सारंग आला तेव्हा वडील समोरच्या फ्लॅटमधल्या कुंड्यांना पाणी घालत होते. जाळीचं दार सताड उघडं होतं. मिस्टर टे यांना धोका नाही, पण पंधरा-वीस दिवस हॉस्पिटलात ठेवतील, बायको तिथेच राहील, मुलगी ऑस्ट्रेलियात असते, असं त्यांनी थोडक्यात सांगितलं. सारंगनं बराच धीर गोळा केला आणि विचारलं, "बाबा, मग दसऱ्याच्या विमानाचं काय करायचं?"

प्रबोधरावांनी खिशातून एक किल्ली काढून त्याच्यासमोर धरली.

"हे घर माझ्यावर सोपवून गेलीत ती," ते म्हणाले. "मी कसा जाऊ?"