गेम सोडून बोला

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर लेखक असावं लागतं. मी अजून कॉलेजातच आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पण आमच्या काकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं तर माफ करा.

"गेम सोडून बोला." काकांच्या हातातलं गेमचं मशीन बघून कुणी 'एक डाव खेळू द्या' म्हटलं की हे उत्तर ठरलेलं.

कासारवाडीत आम्ही एकाच खोलीत राहायचो. काका नात्यातले नव्हेत; लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर. मीही तिथंच, कमवा-शिका योजनेत. ते मला 'सर' म्हणत. कितीदा नको म्हटलं. "कॉलेजला जाता की. मग?"

कंपनीत कॅमेऱ्यामुळे मोबाईल गेटवर जमा करावा लागे. म्हणून काकांनी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून व्हिडिओही चालणारं हे जुनं मशीन घेतलेलं. पहिल्याच दिवशी गेटवरच्या, माण तालुक्यातल्या सिक्युरिटीवाल्यानं अडवलं.

"कॅमेरा हाय का?"

"न्हाई."

"फोन लागतो?"

"न्हाई."

"मग बाळगता कशाला?"

"लेकीला बघायला."

लेक दहावीत होती, कबड्डी खेळायची. काकू गावाकडून सामन्यांचे व्हिडिओ पाठवत आणि मी ते लॅपटॉपवर बारीक करून मशीनमध्ये भरायचो. शिवाय गाणी, शेळीचे फोटो, आणि काकूंचा भाकरी थापतानाचा एक व्हिडिओ. तेलाच्या डब्याला मशीन टेकवून काका स्वयंपाक करत.

"पाणी बेतानं घाला," मशीनमधून काकू म्हणत.

"बेतानंच घालायलोय की!" काका ओरडत. पीठ पातळ झालं की व्हिडिओ मागं नेऊन तेच भांडण पुन्हा.

गेम मात्र कधी उघडला नाही. "गेमनं बॅटरी संपती. बॅटरी लेकीची हाय."

कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत तळहाताएवढ्या पडद्यावर दहा-बारा डोकी वाकत. अडचण एकच होती. ऐन चढाईत काकू उड्या मारायच्या आणि त्यांचा मोबाईल आभाळाकडं वळायचा. किंचाळ्या ऐकू यायच्या, दिसायचा एखादा बगळा. मग लेकीचा हात रेषेला लागला की नाही यावर वाद. सिक्युरिटीवाला जेवायला आला की आपोआप पंच व्हायचा. "आवाजावरनं सांगतो भावा, आउट हाय!"

काका सगळ्यांबरोबर हसायचे. एकदा मात्र मशीन पुसता पुसता म्हणाले, "सर, इतकी वर्षं मी लेकीच्या गावचं आभाळच बघायलोय."

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यासाठी त्यांनी सुट्टी मागितली. "जा," ठेकेदार म्हणाला, "मग तिकडंच राहा." त्या रात्री काका भाकरीशीसुद्धा भांडले नाहीत. मग एका सकाळी पिशवी भरली आणि मशीन माझ्या हातात दिलं.

"राहू द्या तुमाला. तिथं लागणार न्हाई."

"काका, पण नोकरी?"

"सामन्याचं बोला, सर."

नंतर त्यांचा फोन लागेना. त्यांच्या कॉटवर दुसरा माणूस आला. महिन्याभरानं एक व्हिडिओ आला, काकांनी स्वतः काढलेला. मी सवयीनं तो मशीनमध्ये भरला आणि कॅन्टीनला नेला.

लेक पहिल्यांदाच नीट दिसत होती. वेणी वर बांधलेली, गुडघ्याला पट्टी. शेवटची चढाई होती. तिघींनी तिला धरलं, ती तशीच रेषेकडं झेपावली, आणि पडदा निळा झाला. आभाळ. मागं काकांची आरोळी, एवढी मोठी की मशीन कुरकुरलं.

सगळ्यांनी सिक्युरिटीवाल्याकडं पाहिलं.

"आवाजावरनं न्हाई सांगता यायचं," तो म्हणाला.

मी मेसेज करून विचारलं: जिंकली का? उत्तराला आठवडा लागला. रेकॉर्ड करून पाठवलेला काकांचा आवाज होता, मागं शेळी ओरडत होती.

"गावातच डेअरीवर लागलोय, सर. पोरगी हरली की, एका गुणानं. पण काय झेपावली म्हणून सांगू! आता तुमाला काय सांगायचं, व्हिडिओत दिसलंच असंल."