गुल्लूच्या पायातलं सूत

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज सांगावंसं वाटलं.

बायको जाऊन चार महिने झाले. तिचा हॅमस्टर गुल्लू आता मी सांभाळतो. त्याला मऊ लागावं म्हणून आमच्या टॉवेल कारखान्यातलं उरलेलं सूत पिंजऱ्यात अंथरलं होतं. सकाळी पाहतो तर ते त्याच्या पायाला घट्ट गुंडाळलेलं. मी लगेच शेजारी हाक मारली.

शेजारच्या महादेवीअक्कांनी छोट्या कात्रीनं सूत कापलं. "टावेल इणायला लावताय व्हय त्याला? कोरा कागद फाडून घाला की!"

पाय शाबूत निघाला. कागदाच्या ढिगात गुल्लू दोनदा लपला, मग पिंजऱ्यातल्या चाकावर सुसाट पळाला. अक्का हसल्या. मीही हसलो, घरात बऱ्याच दिवसांनी.

त्याला खेळायला अजून काय देता येईल? हे तिला विचारायचं राहूनच गेलं.