माझं काय चुकलं: कारणं एक ते तेवीस

ज्या ठिकाणी "शांतता राखा" अशी पाटी असते ना, किस्से तिथेच सगळ्यात जास्त साठतात. कल्याणच्या एका हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे एनआयसीयूच्या दाराबाहेर सहा खुर्च्या आहेत. त्यातल्या एकीवर मी पाच आठवडे बसलेले. माझी लेक एकतिसाव्या आठवड्यातच आली, तेराशे चाळीस ग्रॅमची. अठराशेची झाली की घरी, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं. ग्रॅम मोजायला मशीन होतं. दुसरा प्रश्न मात्र मी मांडीवर घेऊन बसलेले: हे माझ्यामुळे झालं का?

*

शेजारच्या खुर्चीवर खडवलीची सुनीता. तिचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा दोन दिवसांनी मोठा आणि वजनाने लहान. नवऱ्याचा कल्याण मार्केटात भाजीचा गाळा.

एका सकाळी फिलोमिना सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "सुनीता, पंधरा ग्रॅम वाढला तुझा!" आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा बिचारा आमच्याकडे बघतच राहिला.

"पंधरा ग्रॅम? अहो, एवढं तर आम्ही गिऱ्हाइकाला वरून टाकतो!"

"मग टाका ना वरून!" सुनीता कडाडली. "थांबवलंय कोणी!"

*

भेटायला येणारा प्रत्येक जण एक कारण घेऊन यायचा. टेंभी नाक्याच्या मामी म्हणाल्या, पपई खाल्ली असशील. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ग्रहणात भाजी चिरलीस. कुणी स्कूटीला धरलं, कुणी डोंबिवलीच्या खड्ड्यांना. मी शिकलेली, एमकॉम! मी हसले असते तर शोभलं असतं. मी काय केलं? मोबाईलमध्ये यादी केली. त्यांची नऊ, वर माझी स्वतःची चौदा. त्यात "पाचव्या महिन्यात हॉरर सिरीज बघितली" हेसुद्धा!

ती यादी मी डॉक्टर मॅडमना दाखवली. त्यांनी चष्मा लावून तेवीसच्या तेवीस वाचली.

"यात ब्लडप्रेशर कुठाय?"

"ते... ते राहिलं वाटतं."

"खरं कारण तेवढंच. आणि ते तुम्ही चढवलेलं नव्हतं."

मी घरी जाऊन चोविसावं लिहिलं: ब्लडप्रेशर.

*

मग मला एपिजेनेटिक्स हा शब्द सापडला. गुगलवर, अर्थातच. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, निखिलला, घेऊन मॅडमसमोर बसले. त्यांनी शांतपणे समजावलं. जीन्स त्याच राहतात, पण त्यांच्यावर बारीक खुणा पडतात. कुठली जीन चालू, कुठली बंद, हे त्या खुणांवर ठरतं. आईचं ब्लडप्रेशर, धूर, ताण, शिवाय बाळाचं लवकर येणं, अशा गोष्टींनी त्या बदलू शकतात. काही पुढे पुन्हा बदलतातही. पण एका बाळाच्या खुणा बघून त्याचं भविष्य आज कोणी सांगू शकत नाही.

निखिल बिल्डिंगांच्या वायरिंगची कामं घेतो. त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे मॅडम, वायरिंग ओके आहे. बोर्डावरची बटणं इकडची तिकडे झाली असतील."

"साधारण तसंच."

"मग आपल्या हातात काय?"

"शर्ट काढा."

निखिल माझ्याकडे बघायला लागला. मॅडमनी काचेपलीकडे, इन्क्युबेटरजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बाळाला छातीशी धरून तासभर बसायचं. कांगारू केअर. आईच करते असं नाही."

तो बसला. उघड्या छातीवर लेक, वर चादर, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात काचेतून माझ्या सासूबाईंनी बघितलं आणि दारातूनच ओरडल्या, "अरे निखिल, एसी आहे तिथे! बनियन तरी घाल!"

*

मॉनिटर वाजला की मी ताडकन उठायचे. दिवसातून चाळीस वेळा. शेवटी फिलोमिना सिस्टरनी माझे खांदे धरून मला खाली बसवलं. "ए बाय, बाळाकडे बघ. मशीनकडे बघायला मला पगार मिळतो."

मी बाळाकडे बघितलं. बाळाने भलीमोठी जांभई दिली. माझ्या काळजीवर इतकं सडेतोड मत आजवर कोणी दिलं नव्हतं!

*

सुनीताच्या आईने धावपळीत राहून गेलेली पाचवी पूजायचं ठरवलं. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तर तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायला हवं. पण एनआयसीयूत बाहेरची वस्तू नेता येत नाही. तरी म्हातारीने रात्री सुनीताला कागद-पेन गुपचूप इन्क्युबेटरजवळच्या टेबलावर ठेवायला लावलं.

सकाळी कागद बाहेर आला तर भरलेला! म्हातारीला वाचता येत नव्हतं. माझ्या हातात कागद देऊन ती म्हणाली, "वाच गं पोरी, काय लिवलंय आईनं?"

मी वाचलं. "दोन मिली, दर दोन तासांनी. पोटावर झोपवणे. डायपर मोजून ठेवणे."

अक्षर नाईटच्या सिस्टरचं. मी सांगणार होते, पण म्हातारीने हात जोडले होते.

"लिवलंय तसंच करायचं," तिने सुनीताला बजावलं. "माझ्या टायमाला कागद कोराच निघालेला. तरी तू एवढी झालीस!"

*

चौथ्या आठवड्यात मेडिकल कॉलेजची एक मुलगी आली. संशोधनासाठी बाळांच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घेणार, त्या खुणा बघणार. सोबत आईला विचारायचा भलामोठा फॉर्म. सासूबाई माझ्या शेजारीच डबा उघडून बसलेल्या.

धूम्रपान? नाही. मधुमेह? नाही. ब्लडप्रेशर? होय.

"गरोदरपणात मानसिक ताण?"

मी डब्याकडे बघितलं. "नाही गं. तसं काही खास नाही."

सासूबाईंनी डबा बंद केला. "होय लिही."

"अहो आई!"

"तू थांब." त्या मुलीकडे वळल्या. "सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हॉल घेऊन, दोनशे माणसं बोलावून. ही नको म्हणत होती. चार तास झोपाळ्यावर बसवली शालू नेसवून. पाय सुजलेले मला दिसत होते. फोटो व्हायचे होते माझे. लिही. पण हिच्या नावापुढे नको, माझ्या नावापुढे टिक कर."

मुलगी फॉर्म उलटसुलट करायला लागली. "आजी, यात फक्त आईचा कॉलम आहे. आजीचा कॉलमच नाहीये."

सासूबाईंनी पर्समधून पेन काढलं.

"मग आखूया. पट्टी आहे का?"