हन्नाबाईंची मंडळी

हन्नाबाई साळवे गेल्या त्या जानेवारीत महाडचं आमचं छोटं चर्च कधी नव्हे इतकं भरलं. साठ माणसांची जागा, आणि तेवढीच माणसं बाहेर अंगणात. दोन हजार तीन साल. मी शवपेटीजवळ उभा होतो. पाळकसाहेब वाचत होते, पण माझं लक्ष तिथं नव्हतं. मला राहून राहून अकरा वर्षांपूर्वीची सकाळ आठवत होती.

मी नगर जिल्ह्यातल्या शेवगावकडचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तेव्हा नुकताच लागलो होतो. रविवारी सकाळी तिसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून खोलीकडे चाललो होतो. डोळ्यांवर झोप. सावित्री नदीवरून धुकं चढत होतं, झाडं आणि घरं दुधात बुडाल्यासारखी दिसत होती. त्या धुक्यातून एक गाणं आलं. आमच्या गावच्या चर्चमध्ये आई म्हणायची तेच. मला वाटलं, गाडीवरच डुलकी लागली. गाडी बंद केली. गाणं चालूच होतं.

एका बसक्या, कौलारू इमारतीचं दार उघडं होतं. आत साठीची एक बाई, पांढरी सुती साडी, डोक्यावर पदर. समोर सगळी बाकं रिकामी.

"इथं उपासना असते का?" मी दारातूनच विचारलं.

"असते की," त्या म्हणाल्या. "या, बसा. दुसरं गीत झालंय, तिसरं घेतेच आहे."

पन्नास माणसं बसलेली असावीत अशा थाटात त्यांनी तिसरं गीत म्हटलं. मग एक वही काढली आणि नावं वाचायला लागल्या. "शमुवेल आणि मार्था गोर्डे, सध्या चिंचवडला. मार्थाच्या गुडघ्याला आराम पडो." एक नाव, मग थोडं थांबणं, मग एखाद्या बाकाकडे बघणं. ज्याची जी जागा असेल तिकडे. उन्हाचा पहिला पट्टा खिडकीतून आत आला होता, त्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि माझ्या झोपाळू डोळ्यांना खरंच वाटलं, बाकं एकेक करून भरत चालली आहेत.

शेवटी त्यांनी माझं नाव विचारलं.

"दावीद."

"दावीद, काल रात्रभर जागलेला दिसतोस. देव तुला झोप देवो," त्या म्हणाल्या आणि आमेन केलं.

त्यांची हकिगत मला पुढे हळूहळू कळली. त्याही मूळच्या नगरकडच्याच. नवरा शांतवन पोलादपूरच्या दवाखान्यात कंपाउंडर, आणि त्या तिथंच नर्स. घाटातल्या वाड्यांवर पायी जाऊन त्यांनी तीस वर्षं बाळंतपणं केली. चौऱ्याऐंशी साली शांतवन वारले. चर्चमधली कुटुंबं, म्हणजे आमच्या भाषेत मंडळी, नोकऱ्यांपायी पुण्यामुंबईला निघून गेली. पाळक तीन महिन्यांतून एकदा यायला लागले. अठ्ठ्याऐंशीपासून तर हन्नाबाई एकट्याच उरल्या. तरी दर रविवारी पोलादपूरहून पहिल्या एसटीने यायच्या, झाडलोट करायच्या, खिडक्या उघडायच्या आणि उपासना घ्यायच्या. अशी चार वर्षं गेली.

त्यांची मुलगी सुवार्ता पनवेलला शाळेत शिकवायची. आईला न्यायला ती तीनदा आली. त्यातल्या एका वेळी मी हन्नाबाईंच्या पोलादपूरच्या घरी होतो.

"आई, इथं कोण आहे तुझं?"

"मंडळी आहे."

"कुठली मंडळी? तू एकटीच तर असायचीस!"

"मग? मी गेले तर मंडळी बंद पडेल ना," हन्नाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

त्या पहिल्या सकाळनंतरच्या रविवारी मी कारखान्यातल्या दोघांना घेऊन गेलो. त्यांची कुटुंबं आली, मग आणखी कोणी. दोन हजार सालापर्यंत आमची बावीस घरं झाली आणि कायमचे पाळक आले. तसं झाल्यावर हन्नाबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढची जागा त्यांनी कधी मागितली नाही. माझ्या मुलीचं नाव मात्र त्यांनीच ठेवलं.

त्या गेल्या झोपेतच. सकाळचा चहा घेऊन शेजारीण गेली, तेव्हा चेहरा असा होता की तिनं आधी हळूच हाकच मारली.

तीच शेजारीण अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारात उभी होती. पाळकांनी विचारलं, "कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत?" तशी ती म्हणाली, "मी बोलू का?" लोकांनी वाट दिली.

"मी जहांआरा. बायची शेजारीन. माझी तसनीम बायच्या हातावर झाली. नव्वद साली आमचे हे कुवेतला होते. तिकडं लढाई लागली नि खबर बंद. दोन महिनं पत्र नाय, फोन नाय. बाय म्हनाली, 'रविवारी माझ्याबरोबर महाडला चल गो, तिथून फोन लावून बघू.' फोन लागायचा नाय. मग बाय हितं आत यायची, नि मी पोरीला घेऊन बाहेर पायरीवर बसायची. आत ये, असं तिनं एकदाबी म्हटलं नाय. पन माझ्या मानसाचं नाव घ्यायची, तवा आवाज मोठा करायची. मला बाहेर ऐकू यावं म्हनून."

तिनं पदराने तोंड पुसलं. "ते आले परत. नसते आले, तरी मी हे सांगायला आले असते."

माझ्या शेजारी सुवार्ता उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं, आई इथं एकटी आहे."

नदीकडच्या उतारावर आम्ही त्यांना मातीत ठेवलं. गीत सुरू झालं, तेव्हा चिंचवडहून आलेल्या म्हाताऱ्या मार्थाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

संध्याकाळी सुवार्ताला सोडायला मी आणि माझी बायको वीर स्टेशनला निघालो. रिक्षा जहांआराचा नवरा अझीम चालवत होता. कुवेतहून आल्यावर तो परत तिकडे गेलाच नाही. वाटेत शेतांवर धूर आणि धुकं एकत्र पसरलं होतं, दिवे पाण्याखालून दिसावेत तसे दिसत होते.

"तुमची आई काय म्हनाली मला ठाऊक हाय?" अझीम म्हणाला. "लढाईत सुटून मी कुवेतहून अम्मान, अम्मानहून मुंबई, मुंबईहून पोलादपूर. दारात उभा. आख्खी आळी रडतेय. नि बाय पुढं येऊन सांगते, 'अझीम, आधी अंघोळ कर रे. पानी तापलंय.'"

सुवार्ता हसली. त्या दिवसातलं पहिलं हसणं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती बाहेर बघत राहिली.

स्टेशनवर बाकड्यावर बसलो. माझ्या बायकोच्या खांद्यावर सुवार्तानं डोकं टेकलं आणि तिला गाढ झोप लागली. पॅसेंजर आली, दोन मिनिटं थांबली. मी बायकोकडे पाहिलं. तिनं उठवू नका म्हणून मान हलवली. गाडी निघून गेली. पुढची यायला बराच वेळ होता, आणि आम्हाला कसलीच घाई नव्हती.