कपाळावरचे केस

सलूनमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याची कात्री आणि जीभ बरोबरीनं चालायची. कोर्टात मात्र या बोलघेवड्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. घटस्फोट झाला, आठ वर्षांची मुलगी आईकडे गेली आणि उस्तादाच्या वाट्याला महिन्यातले दोन शनिवार आले. कोर्टाच्या आवारातली मुलांची खोली, बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मोजून दोन तास.

आता मोठ्या सुट्टीचा अर्ज लागला होता. मुलीला महिनाभर माझ्याकडे राहू द्या, एवढंच त्याचं मागणं. न्यायाधीश बाईंचा कल आपल्या बाजूनं दिसतोय, असं त्याच्या वकीलबाई म्हणाल्या आणि स्वारी हवेत गेली. त्यानं दुकानामागची खोली रिकामी केली, खिडकीला पिवळा पडदा लावला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्या पडद्याचं कौतुक सांगून भंडावून सोडलं.

तारखेच्या आधीच्या शनिवारी मुलगी आली ती डोळ्यांवर केस घेऊनच. बापाशिवाय तिच्या केसांना आजवर कोणी कात्री लावली नव्हती. ती चित्र रंगवत होती आणि घडीघडी फुंकर मारून झुलपं उडवत होती. उस्तादाला राहवेना. वरच्या खिशात कात्री होतीच, ती काही तो शनिवार म्हणून काढून ठेवत नसे. दारावरचा शिपाई त्याचंच गिऱ्हाईक, त्यामुळे झडती नावापुरती. त्यानं तिच्या गळ्याशी रुमाल बांधला, हनुवटी वर केली आणि हलू नकोस म्हणाला. ती हलली नाही. दोन मिनिटांत कपाळ मोकळं झालं.

मुलीनं रुमालावरचे केस वेचून कंपासपेटीत ठेवले. बापाची आठवण म्हणून ठेवतेय, असं वाटून हा बाबा मनातल्या मनात सुखावला.

न्यायला आलेल्या आईनं लेकीचं कपाळ पाहिलं. “चार महिने वाढवत होती ती,” ती हळूच म्हणाली. “माझ्यासारखे मागे बांधायचे होते तिला.”

तारखेला समोरच्या वकिलानं कात्रीवरून राईचा पर्वत केला. कात्री म्हणजे हत्यार, वगैरे. न्यायाधीश बाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी मुलीलाच आत बोलावलं आणि बाबाकडे महिनाभर राहशील का, म्हणून विचारलं. ती काय म्हणाली ते वकीलबाईंनी नंतर त्याला व्हरांड्यात सांगितलं.

“बाबा मला आवडतो. पण तो विचारत नाही.”

हेच वाक्य बायकोनं त्याला नऊ वर्षं ऐकवलं होतं. घर बदललं तेव्हा, दुकान घेतलं तेव्हा. त्यानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. पोरीच्या तोंडून आलं तेव्हा मात्र काळजात घुसलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो माणसांदेखत रडला. अर्ज नामंजूर झाला. दोन शनिवार तेवढे कायम राहिले.

पुढच्या शनिवारी मुलगी आली आणि दाराशीच थांबली.

“बाबा, माझ्यामुळे सुट्टी गेली का?”

“नाही गं. माझ्यामुळे गेली.”

तिला जवळ ओढून घ्यायला त्याचे हात नुसते शिवशिवत होते. ते त्यानं मांडीखाली दाबून धरले. “तुझ्याजवळ येऊन बसू?” त्यानं विचारलं.

मुलीनं थोडा विचार केला. “थोड्या वेळानं,” ती म्हणाली आणि रंगपेटी उघडून बसली.

तो समोरच्या बुटक्या खुर्चीत बसून राहिला. दोन तास सरले, आई दाराशी येऊन उभी राहिली, तरी तिचा तो ‘थोडा वेळ’ काही झाला नव्हता.